पुरावा होता, पटला नाही



27 जानेवारी 1986 च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या तीन ठिकाणच्या माणसांची फोनवर एक बैठक झाली. एका टोकाला यूटा राज्यातल्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते होते. दुसऱ्या टोकाला अलाबामातल्या मार्शल केंद्रातले नासाचे अधिकारी. तिसरं टोक फ्लोरिडाच्या केनेडी केंद्रावर, जिथून दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर यान उडायचं होतं. रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जाणार, असा अंदाज होता. एवढ्या थंडीत यान उडवू नका, हे थायोकॉलच्या अभियंत्यांना पटवून द्यायचं होतं.

धोका नेमका कशात आहे, हे त्यांना माहीत होतं. यानाला वर ढकलणारे बूस्टर तुकड्यांनी जोडलेले असत आणि प्रत्येक सांध्यात रबराच्या दोन मोठ्या गोल कड्या, ओ-रिंग, बसवलेल्या असत. इंधन पेटलं की सांधा किंचित फाकतो. त्या क्षणी रबराने फुगून फट बुजवायची, म्हणजे तापलेला वायू बाहेर येत नाही. थंडीत रबर कडक होतं आणि ही हालचाल मंदावते. रॉजर बॉइसजॉली या अभियंत्याने सहा महिने आधी, जुलै 1985 मध्ये, कंपनीतल्या वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की हा प्रश्न सोडवला नाही तर माणसं दगावतील.

म्हणजे ज्ञान होतं, तळमळ होती, पुरावाही होता. घाईघाईने तयार केलेले तेरा तक्ते त्यांनी फॅक्सने पाठवले. शेवटची शिफारस अशी होती की ओ-रिंगचं तापमान 53 अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे साधारण 12 अंश सेल्सिअसपेक्षा, कमी असेल तर उड्डाण करू नये. हा 53 चा आकडा आला कुठून? त्याआधीचं सगळ्यात थंड उड्डाण, जानेवारी 1985 मधलं, त्या तापमानाला झालं होतं आणि त्यात कड्यांमागे वायूची काजळी सापडली होती. पण याच तक्त्यांमध्ये 75 अंशांच्या उबदार हवेत झालेल्या एका उड्डाणाचीही नोंद होती आणि काजळी त्यातही सापडली होती. नासाच्या माणसांनी बोट ठेवलं ते इथेच. थंडीत काजळी, उन्हातही काजळी, मग तापमानाचा संबंध कसा जोडता? बॉइसजॉलीचं उत्तर होतं की थंडीतली काजळी कितीतरी जास्त आणि काळीकुट्ट होती. त्याने फोटोही दाखवले. त्यावर नासाने विचारलं, हे आकड्यात मांडता येईल का? ते त्याला मांडता आलं नाही.

मग कंपनीने आपापसात बोलायला पाच मिनिटं मागून घेतली. त्या पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. अभियंते बाजूला राहिले आणि चार व्यवस्थापकांनी निर्णय फिरवला. त्यातल्या एकाला वरिष्ठाने सांगितलं की आता अभियंत्याच्या नजरेने बघणं सोड, व्यवस्थापकाच्या नजरेने बघ. कंपनीचे केनेडी केंद्रावरचे प्रतिनिधी ॲलन मॅक्डोनाल्ड यांनी संमतिपत्रावर सही करायला नकार दिला, तेव्हा ती सही यूटाहून करून पाठवली गेली. 28 जानेवारीला सकाळी 11 वाजून 38 मिनिटांनी यान उडालं आणि 73 सेकंदांनी हवेत फुटलं. सातही जण गेले. त्यात ख्रिस्ता मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका होती.

पुढे चौकशी आयोगाने एक साधी गोष्ट केली. फक्त बिघाड झालेली उड्डाणं न घेता सगळी उड्डाणं तापमानाप्रमाणे मांडली. 65 अंशांच्या वर झालेल्या वीस उड्डाणांपैकी तिनांत ओ-रिंगला इजा दिसली. त्याखालच्या चार उड्डाणांपैकी चारांत. चित्र लख्ख झालं. उड्डाणाच्या वेळी फ्लोरिडातली हवा 36 अंशांवर, म्हणजे जेमतेम 2 अंश सेल्सिअसवर होती.

माहितीची मांडणी कशी करावी यावर आयुष्यभर लिहिणारे एडवर्ड टफ्टी यांनी 1997 मध्ये या तेरा तक्त्यांची चिरफाड केली. तक्त्यांवर तयार करणाऱ्यांची नावंही नव्हती, कारण आणि परिणाम कुठे शेजारी मांडलेच नव्हते, असं त्यांचं म्हणणं. बॉइसजॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर उत्तर दिलं की सगळ्या उड्डाणांची तापमानं त्या संध्याकाळी त्यांच्या हातात नव्हतीच. हा आक्षेप रास्त आहे. घटना घडून गेल्यावर आलेख काढणाऱ्याला जी उसंत असते, ती फोनवर बसलेल्यांना नव्हती. तरीही एक गोष्ट उरते. त्या रात्री पुरावा देण्याची जबाबदारी उलटली होती. एरवी नासा विचारत असे, उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करा. त्या रात्री ‘असुरक्षित आहे हे सिद्ध करा’ असा प्रश्न आला. अभियंते मात्र जुन्याच प्रश्नाचं उत्तर देत राहिले.

पटवण्याची विद्या सुरू होते ती इथून. ऐकणाऱ्याच्या मनात कोणता प्रश्न आहे, हे ओळखण्यापासून.

या विद्येचं पहिलं पद्धतशीर पुस्तक अ‍ॅरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात लिहिलं. बोलणारा ऐकणाऱ्याला तीन वाटांनी पटवतो, असं तो म्हणतो: बोलणाऱ्याचं शील, ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था आणि खुद्द युक्तिवाद. ईथॉस, पेथॉस, लोगॉस हे शब्द आज व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहिले जातात. तिथे त्यांची एक पाककृती झाली आहे. आधी स्वतःच्या पदव्या आणि पुरस्कार, मग चार आलेख, शेवटी डोळ्यांत पाणी आणणारी एक गोष्ट. अ‍ॅरिस्टॉटलला हे असलं काही अभिप्रेत नव्हतं. त्याचं स्पष्ट म्हणणं होतं की बोलणाऱ्यावरचा विश्वास भाषणातून निर्माण झाला पाहिजे, आधीच्या लौकिकातून नव्हे. तो विश्वास तीन गोष्टींनी बसतो: समज, सचोटी आणि ऐकणाऱ्याचं भलं चिंतणं. भावनेबद्दल बोलताना तो रडवण्याच्या युक्त्या सांगत बसत नाही. राग कुणाला, कुणावर आणि कोणत्या कारणाने येतो, भीती कशाची वाटते, दया कधी येते, याचा सविस्तर अभ्यास तो मांडतो. माणसाच्या मनाची घडण कळल्याशिवाय त्याच्याशी बोलू नये, असा त्याचा एकूण रोख.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हाच विषय दुसऱ्या अंगाने हाताळला. शब्दावर विश्वास कधी ठेवावा, तर तो आप्ताचा असेल तेव्हा. आप्त कोण, याचं उत्तर भाष्यकार वात्स्यायनाने दिलं आहे: ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. दुसऱ्याला पटवायच्या अनुमानाचे त्यांनी पाच अवयव सांगितले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. यातला तिसरा अवयव फार महत्त्वाचा. डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, एवढं म्हणून नैयायिक थांबत नाही. जसं स्वयंपाकघरात, असं तो पुढे म्हणतो. समोरच्याने स्वतः पाहिलेलं काहीतरी दाखवल्याशिवाय अनुमान पुरं होत नाही. थायोकॉलच्या अभियंत्यांकडे प्रतिज्ञा होती, हेतूही होता. उदाहरण लंगडं पडलं.

ते उदाहरण दोन आठवड्यांनी एका भौतिकशास्त्रज्ञाने पुरवलं. 11 फेब्रुवारी 1986 रोजी चौकशी आयोगाची उघड सुनावणी चालू असताना रिचर्ड फाइनमन यांनी ओ-रिंगच्या रबराचा एक तुकडा छोट्या शिकंज्यात दाबून समोरच्या बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात टाकला. थोड्या वेळाने बाहेर काढून शिकंजा सैल केला. रबर लगेच मूळ आकारात आलं नाही. कॅमेरे चालू होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाला थंडी आणि रबर यांचं नातं कळलं होतं.

फाइनमन नोबेल विजेते होते, म्हणून लोकांनी ऐकलं, असं म्हणणं सोपं आहे. पण नुसत्या नोबेलने ते पटलं नसतं. ग्लास, बर्फ आणि रबर या तिन्ही गोष्टी प्रत्येकाच्या घरातल्या. विधानाची परीक्षा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर झाली. त्यातली नाट्यमयताही नाकारण्यात अर्थ नाही. कॅमेरे कधी आपल्याकडे वळतील याचं भान फाइनमन यांना चांगलंच होतं. या कथेचा एक कोपरा मात्र सांगायलाच हवा. फाइनमन यांना हा धागा आयोगातले सहकारी जनरल डोनाल्ड कुटिना यांनी सूचकपणे दिला होता. कुटिनांना तो अंतराळवीर सॅली राइड यांच्याकडून मिळाला होता, असं राइड यांच्या मृत्यूनंतर उघड झालं. राइड स्वतः आयोगाच्या सदस्य होत्या, पण नासाच्या आतल्या माणसाचं नाव त्यांना वाचवायचं होतं. म्हणजे ज्यांना माहिती होती त्यांना बोलता येत नव्हतं आणि ज्यांना बोलता येत होतं त्यांच्या शब्दाला वजन होतं.

शब्दाला वजन कसं येतं आणि कसं जातं, याचा आपल्या घरातला दाखला गोपाळ कृष्ण गोखले यांचा आहे. 1897 साली ते भारत सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले. साक्ष उत्तम झाली. पण पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातल्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या बातम्या पत्रांतून त्यांच्याकडे आल्या आणि त्या त्यांनी तिथे जाहीर केल्या. पुरावा द्यायची वेळ आली तेव्हा पत्रं लिहिणाऱ्यांची नावं त्यांना देता येईनात. मायदेशी परतल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली. इंग्रजांनी त्यांना खोटं ठरवलं आणि इकडच्या अनेकांनी भ्याड ठरवलं. तिशी नुकतीच ओलांडलेल्या माणसाचं सार्वजनिक आयुष्य तिथेच संपलं असतं, तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं.

त्यानंतर पाच वर्षांनी, 26 मार्च 1902 रोजी, हाच माणूस व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात पहिल्यांदा अर्थसंकल्पावर बोलायला उभा राहिला. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. 1892 च्या कायद्याप्रमाणे सभासदांना अर्थसंकल्पावर बोलता येई, मत देता येत नसे. म्हणजे हातात होतं ते फक्त पटवणं. सरकार खुशीत होतं, कारण तिजोरीत सुमारे सात कोटींची शिल्लक दिसत होती आणि सगळीकडून अभिनंदन चाललं होतं. गोखल्यांनी अभिनंदनात सामील व्हायला सभ्यपणे नकार दिला. एवढी शिल्लक हाच रयतेवरचा अन्याय आहे, असा त्यांचा मुद्दा होता.

तो त्यांनी सरकारच्याच आकड्यांवर उभा केला. रुपयाचा भाव घसरत होता तेव्हा विलायतेत पाठवायच्या पैशाची तूट भरून काढायला सरकारने कर वाढवले. 1893 मध्ये टांकसाळी चांदीच्या नाण्यांसाठी बंद झाल्या आणि पुढे रुपया सोळा पेन्सपर्यंत सावरला. तूट गेली, कर मात्र तसेच राहिले. शिल्लक आली ती तिथून. दुष्काळ आणि प्लेगने देश पोळत असताना ही शिल्लक समृद्धीची खूण कशी मानायची? मग ते मिठावर आले. 1888 साली मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला होता. त्यानंतर लोकसंख्येच्या मानाने मिठाचा खप वाढायला हवा होता, तो वाढला नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. मीठ कमी खाणारा माणूस किती गरीब असेल, याचं वर्णन करायची त्यांना गरजच पडली नाही. सभागृहातल्या प्रत्येकाला ते चित्र दिसलं.

या भाषणामागे सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोशी यांची आकडेवारीतली मदत होती आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली काढलेली अनेक वर्षंही. 1897 साली ऐकीव पत्रांवर विसंबलेला माणूस आता एकही आकडा पडताळल्याशिवाय बोलत नव्हता. गमावलेला विश्वास त्यांनी कागदांच्या चळतीतून परत मिळवला. 1903 मध्ये मिठाचा कर पुन्हा दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची सूट पाचशेवरून हजार रुपयांपर्यंत वाढली. एका भाषणाने कर उतरतात असं मानण्यात भाबडेपणा आहे. सरकारकडे पैसा होता आणि त्याची स्वतःची कारणंही होती. पण पुढे दर मार्चमध्ये गोखले काय बोलतात, याकडे सरकारचं लक्ष असे, हे नक्की.

आता 25 नोव्हेंबर 1949. संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर चर्चेचा समारोप करायला उभे राहिले. त्यांच्या या भाषणाचा शेवट बहुतेकांना माहीत आहे. सुरुवात फार थोडे वाचतात. ती वाचण्यासारखी आहे, कारण ती निव्वळ हिशोबाची आहे. सभेने फार वेळ घेतला, जनतेचा पैसा उधळला, असा आरोप होत होता. बाबासाहेबांनी चिडचिड केली नाही. अमेरिकेने चार महिन्यांत घटना केली, कॅनडाने दोन वर्षं पाच महिन्यांत, ऑस्ट्रेलियाने नऊ वर्षांत, दक्षिण आफ्रिकेने एका वर्षात, असा त्यांनी ताळा मांडला. पण अमेरिकेच्या घटनेत कलमं सात, आपल्या घटनेत 395. शिवाय त्या देशांना दुरुस्त्यांचं ओझं नव्हतं. इथे 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या.

हिशोब चुकता झाल्यावर ते स्वतःकडे वळले. अनुसूचित जातींच्या हिताचं रक्षण करण्यापलीकडे कोणतीही महत्त्वाकांक्षा घेऊन आपण या सभेत आलो नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. मसुद्याचं श्रेय त्यांनी बी. एन. राव यांना दिलं, एस. एन. मुखर्जी यांच्या कष्टांचं कौतुक केलं. त्यापुढचा भाग तर आजच्या सभागृहांत विरळाच. ज्यांनी सतत विरोध केला, अडवणूक केली, ते ह. वि. कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शाह यांच्यासारखे सभासद नसते तर चर्चेला काही अर्थच उरला नसता, असं म्हणून त्यांनी विरोधकांची नावं घेतली आणि त्यांचे आभार मानले. अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी, समज, सचोटी आणि भलं चिंतणं, इथे एकही पदवी न सांगता पोहोचल्या.

यानंतर कुठे इशारे आले. स्वातंत्र्य पूर्वी कसं गमावलं याचे दाखले, सिंधच्या दाहिर राजापासून पुढचे, त्यांनी एकेक करून समोर ठेवले. संविधानिक मार्ग सोडू नका, राजकारणात भक्ती नको, आणि राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका. शेवटी ती विसंगती: राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक आयुष्यात विषमता घेऊन आपण 26 जानेवारी 1950 मध्ये शिरणार आहोत. ऐकणाऱ्यांना अस्वस्थ करणारं हे वाक्य भाषणाच्या सुरुवातीला आलं असतं, तर एका गटाच्या नेत्याची तक्रार म्हणून बाजूला सारलं गेलं असतं. आधी आकडे आणि आभार ऐकलेल्या सभेला ते तसं सारता आलं नाही. पाठ्यपुस्तकांनी आणि फेसबुकच्या चौकटींनी या भाषणाचे फक्त शेवटचे परिच्छेद उचलले, यात भाषणाचं मोठं नुकसान झालं आहे.

आजच्या प्रेझेंटेशनकडे येताना पुन्हा नासाकडेच जावं लागतं. चॅलेंजरनंतर सतरा वर्षांनी, 16 जानेवारी 2003 रोजी, कोलंबिया यान उडालं. आपली कल्पना चावला त्यात होती. उड्डाणानंतर 82 सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक मोठा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधून नासाला स्लाइड दाखवल्या. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता: चाचण्यांची माहिती पाहता अंदाज सावधगिरीच्या बाजूला आहे, अशा अर्थाचा. तळाशी, लहान अक्षरात, एका उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात खरी गोष्ट होती. चाचणीतले फोमचे तुकडे 3 घन इंचांचे होते; आदळलेला तुकडा अंदाजे 1,920 घन इंचांचा. 640 पट. ज्या चाचणीवर विसंबायचं, ती या घटनेला लागूच नव्हती. 1 फेब्रुवारीला परतताना यान विखुरलं आणि सातही जण गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात ही स्लाइड छापली आणि तांत्रिक अहवालांची जागा स्लाइडनी घेणं हा नासाच्या कारभारातला दोष असल्याचं नोंदवलं.

चॅलेंजरच्या वेळी धोका माहीत असणाऱ्यांना तो पटवता आला नाही. कोलंबियाच्या वेळी तर धोक्याचा आकडा त्याच पानावर होता, आणि पानाच्या रचनेनेच तो लपवला. यात कुणाची बदमाशी नव्हती. मथळा, मुद्दा, उपमुद्दा अशी उतरंड आधीच आखून दिलेली असली की माणूस महत्त्वाची गोष्ट सवयीने कुठेही टाकतो. आज जिल्हा परिषदेच्या आढाव्यापासून महाविद्यालयांच्या मूल्यांकनापर्यंत सगळीकडे हीच उतरंड दिसते. शाळेतली मुलंही प्रकल्प याच पद्धतीने मांडतात आणि पहिल्या स्लाइडवर शाळेचं बोधचिन्ह किती मोठं असावं, यावर त्यांचा निम्मा वेळ जातो.

बोलणाऱ्यांना शिकवणाऱ्या कार्यशाळा गावोगावी झाल्या आहेत. ऐकणाऱ्यांना कुणी शिकवत नाही. गोखल्यांसमोर कर्झन होते म्हणून त्यांना प्रत्येक आकडा पडताळावा लागला. संविधान सभेत कामत आणि शाह होते म्हणून बाबासाहेबांना प्रत्येक आक्षेपाला उत्तर द्यावं लागलं. तेव्हा या सभागृहातल्या प्रत्येकाला एक विनंती. पुढच्या सोसायटीच्या सभेला, शाळा समितीच्या किंवा ग्रामसभेच्या बैठकीला जाल, तेव्हा स्लाइडबरोबर दोन पानी टिपण आदल्या दिवशी मागा. त्यात लिहिणाऱ्याचं नाव असू द्या. आणि तक्ता समोर आला की दोन प्रश्न नक्की विचारा: यातून काय वगळलं आहे, आणि आम्ही नेमकं काय ठरवावं असं तुमचं म्हणणं आहे?